लियातला व्हिला : गच्ची, टाकं आणि मधलं सगळं (प्रकल्प नोंदी)

३ ऑक्टोबर २०२२, सोमवार

किल्ल्या ताब्यात मिळाल्या. एका सुतळीत ओवलेल्या सत्तावीस. त्यातल्या अकरा कुठल्या कुलपांच्या, ते मालकीणबाईंनाही सांगता आलं नाही. सगळ्यांना चिठ्ठ्या बांधल्या.

माल्टा बेटाच्या मधोमध अट्टार्ड, बाल्त्सान आणि लिया ही तीन गावं एकमेकांना खेटून आहेत. सेंट जॉनच्या नाइट्सची, म्हणजे एका ख्रिस्ती लढवय्या पंथाची, इथे १५३० ते १७९८ सत्ता होती. त्या काळापासून राजधानी वालेत्तातल्या बड्या लोकांनी उन्हाळ्यासाठी इकडे घरं बांधली, कारण इथे बऱ्यापैकी माती आहे आणि संत्र्या-लिंबांच्या बागा आहेत. शेजारच्या अट्टार्डात सांत आंतोन राजवाडा आहे. तो आंत्वान द पोल या नाइटने बांधला, जो पुढे ग्रँडमास्टर, म्हणजे नाइट्सचा प्रमुख झाला, आणि आज तिथे राष्ट्राध्यक्ष राहतात. आमचा व्हिला असा नावाजलेला नाही. खालचा मजला अठराव्या शतकाच्या मध्यावरचा, वरचा ब्रिटिश अमदानीत चढवलेला. रस्त्याच्या बाजूला साधी उंच भिंत आणि तिच्यातून पुढे आलेली लाकडी बंद गॅलरी, जिला इथे गल्लारिया म्हणतात. दारातून आत गेलं की देवडी, मग चौक, आणि मागे बाग.

मालकीणबाईंना इथे नऊ खोल्यांचं उंची अतिथिगृह करायचंय. नकाशे आणि परवानग्या मुख्य वास्तुविशारदांकडे. दगड, चुना, गच्ची आणि पाणी माझ्याकडे. पुण्यात शिकले, वाईतल्या दोन वाड्यांच्या डागडुजीवर काम केलं, इथे येऊन चार वर्षं झाली. एवढं मोठं काम पहिल्यांदाच एकटीच्या अंगावर आलंय.

१२ ऑक्टोबर

दिवसभर पूर्वेच्या भिंतीजवळ बसून होते. जोत्यापासून चार फुटांपर्यंत दगड मधमाश्यांच्या पोळ्यासारखा पोखरलाय. दगडांमधल्या दरजा (सांधे) मात्र जशाच्या तशा, दगडाच्या बोटभर पुढे आलेल्या, करड्या. म्हणजे पन्नासेक वर्षांपूर्वी कुणीतरी चुन्याच्या जुन्या दरजा खरवडून सिमेंट भरलं.

इथला दगड म्हणजे ग्लोबिजेरिना चुनखडक, कारागिरांच्या भाषेत फ्रांका. समुद्राच्या तळाशी साचलेल्या सूक्ष्म जीवांच्या कवचांचा बनलेला, मधाच्या रंगाचा. खाणीतून ताजा निघालेला चिरा करवतीने कापता येतो इतका मऊ, आणि आतून एवढा सच्छिद्र की पाणी टिपकागदासारखं शोषतो. जमिनीतली ओल भिंतीत चढते आणि सोबत मीठ घेऊन येते. पूर्वी ती ओल दरजांमधून बाहेर पडायची. दरज दगडाहून मऊ, म्हणून झिजायची ती दरज. दर पिढीत एकदा नवी भरायची, दगड सुखरूप. सिमेंटने ती वाट बुजवली. आता ओल चिऱ्यातून बाहेर येते, मीठ चिऱ्याच्याच पोटात स्फटिक होऊन फुगतं आणि पापुद्रे सुटतात. आपण ज्याला भिंतीला लोणा लागला म्हणतो, तोच हा.

बोटाने नुसतं घासलं तर चमचाभर पिठी पडली. जिभेला लावून पाहिली. खारट. समुद्र इथून चार-पाच किलोमीटरवर, पण भिंतीच्या आत येऊन बसलाय.

२० ऑक्टोबर

आमचे मुख्य गवंडी आजपासून आले. वय अडुसष्ट, वडील आणि आजोबा दोघेही याच कामातले. माल्टी भाषेत गवंडीकामातल्या अशा वडीलधाऱ्याला मआल्लेम म्हणतात, मीही तेच म्हणते. त्यांनी मला पहिल्याच दिवशी 'बिंती' म्हटलं. माझी मुलगी. माल्टी भाषेची मुळं अरबीत आहेत, त्यामुळे असे शब्द कानाला परके वाटत नाहीत. साखरेला ते त्सोक्कोर म्हणतात, संत्र्याला लारिंच. आपलं नारिंग अरबस्तानातून फिरून इथे पोचलंय, आणि आमच्या बागेत त्याची चौतीस झाडं उभी आहेत. त्यांचं प्रत्येक दुसरं वाक्य 'मेला'ने सुरू होतं. अर्थ एवढाच : 'मग', 'तर', 'हो ना'. पहिल्या दिवशी दचकायला झालं, आता गोड वाटतं.

मआल्लेमांनी भिंतीवर हातोडीच्या दांड्याने ठोकत ठोकत खडूच्या खुणा केल्या. फ्रांकाचा एक कमअस्सल भाऊ आहे, त्याला सोल म्हणतात. ताजा कापलेला असताना दोन्ही दिसायला सारखेच, पण वीस-तीस पावसाळ्यांत सोल भुगा होतो आणि फ्रांका टिकतो. जुन्या गवंड्यांना तो कापताना हाताला कळायचा. त्यांचं म्हणणं, या भिंतीत खराब झालेल्यातले निम्मे चिरे मुळात सोल आहेत, सगळं पाप सिमेंटचं नाही. प्रयोगशाळेत सहा नमुने पाठवले.

८ नोव्हेंबर

अहवाल आला. सहापैकी चार नमुन्यांत मआल्लेम बरोबर.

आमचा नियम ठरला : पाच सेंटिमीटरपेक्षा खोल झिजलेला, किंवा भार पेलू न शकणारा चिराच बदलायचा. बाकी जसा आहे तसा ठेवायचा, फक्त दरज चुन्याची. यावर मुकादमाशी बराच वेळ बोलणं झालं. त्याच्या मते अख्खी पूर्वेची भिंत नव्या चिऱ्यांनी दोन महिन्यांत उभी राहील, स्वस्तही पडेल आणि फोटोत छान दिसेल. माझं म्हणणं, मग हे घर कशाला हवं, शेजारच्या प्लॉटवर नवं बांधा. जुन्या चिऱ्यावर टाकीचे तिरपे घाव आहेत, प्रत्येक पाथरवटाचे वेगळे. एका चिऱ्यावर डावखुऱ्या माणसाचे घाव स्पष्ट दिसतात. तो माणूस अडीचशे वर्षांपूर्वी या जागी उभा होता याचा तेवढाच पुरावा उरलाय.

मालकीणबाईंनी तो डावखुरा चिरा स्वतः येऊन पाहिला. नियम मंजूर.

२९ नोव्हेंबर

एकूण बदलायचे चिरे : ११८. पूर्वेच्या दर्शनी भागात चिरे आहेत साधारण नऊशे.

मिठाचं काम सुरू. सिमेंटच्या दरजा हाताने, छिन्नीने काढतोय. ग्राइंडर लावला तर चिऱ्याच्या कडा जातात. मग कागदाचा लगदा आणि माती शुद्ध पाण्यात कालवून भिंतीला लेप. लेप वाळताना मीठ ओढून घेतो. सोलून काढायचा, पाण्यात ढवळून वाहकता मोजायची (त्यावरून मीठ किती निघालं ते कळतं), पुन्हा नवा लावायचा. तिसऱ्या लेपानंतर आकडा निम्म्यावर आला. कंटाळवाणं काम आहे, आणि ते करणारे दोघे बिहारचे तरुण ते मन लावून करतात, हे लिहून ठेवलंच पाहिजे.

१३ डिसेंबर

वरच्या मजल्यावरच्या चौथ्या खोलीत रंगाचे थर तपासत होते. डाक्टरी सुरी, भिंग, दिवा. तळहाताएवढी खिडकी उघडायची आणि एकेक थर मोजत खाली जायचं. वरून पांढरा प्लास्टिक रंग, त्याखाली दोन क्रीम, एक गुलाबी, एक भडक हिरवा, पुन्हा पांढऱ्या चुन्याचे तीन हात. आठव्या थराखाली निळा-करडा पट्टा लागला, आणि पट्ट्यात बोटाच्या पेराएवढं एक शिड.

संध्याकाळपर्यंत होडी पूर्ण दिसली. सरसात कालवलेल्या रंगांनी कोरड्या भिंतीवर काढलेली. होडीच्या नाकावर दोन डोळे. असे डोळे माल्टाच्या लुत्सू होड्यांवर आजही रंगवतात. चित्रकाराने डोळ्यात पांढरा ठिपका टाकायला केसाएवढा बारीक कुंचला वापरलाय. सुरी खाली ठेवून मी बराच वेळ नुसती पाहत बसले.

सांस्कृतिक वारसा अधीक्षकांच्या कार्यालयाला कळवलं. त्यांच्या अधिकारी दोन दिवसांनी येताहेत. चौथ्या खोलीत न्हाणीघर होणार होतं. होणार नाही.

१७ जानेवारी २०२३

गच्ची. या घराचं खरं दुखणं इथे आहे, असा माझा पहिल्यापासून संशय होता.

माल्टात लाकूड जवळपास नाहीच, त्यामुळे छतही दगडाचं. भिंतीतून पुढे आलेल्या टोड्यांवर, दर सव्वा-दीड मीटरवर टाकलेल्या कमानींवर, किंवा आमच्यासारख्या घरात लाकडी तुळयांवर दगडी फळ्या आडव्या ठेवतात. त्या फळ्यांना शोरोक म्हणतात. त्यावर दगडाच्या ढलप्यांचा आणि मातीचा थर, त्यावर बारीक दगडी भुकटीचा थर दाबून, आणि सगळ्यात वर देफ्फून.

देफ्फून म्हणजे फुटक्या मडक्यांचा चुरा आणि चुना, ओला असताना ठोकून ठोकून बसवलेला. पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं होतं आनंदाने : ही तर आपली सुरखी! वाड्यांच्या गच्चीवरचा ठोकलेला कोबा. भाजलेल्या मातीतली सिलिका आणि अॅल्युमिना चुन्याशी जुळतात, आणि पाण्याखालीही घट्ट राहणारा माल तयार होतो. रोमनांना हे माहीत होतं, आपल्या गवंड्यांना माहीत होतं, यांनाही. कुणी कुणाकडून घेतलं ते शोधत बसायची मला गरज वाटत नाही.

आमच्या गच्चीवर देफ्फून दिसतच नाही. वर काँक्रीटचा चार इंची थर, त्यावर डांबरी कापडाचे तीन थर. मूळ गच्चीच्या दीडपट वजन शोरोकच्या डोक्यावर. डांबराखाली अडकलेली ओल बाहेर निघत नाही, ती खाली उतरते आणि तुळयांची टोकं भिंतीत कुजवते. उत्तरेच्या दालनात सहा तुळयांपैकी चार टोकं हाताने कुस्करता येतात.

३१ जानेवारी

उत्तरेच्या बाजूचं डांबरी कापड आणि काँक्रीट काढलं. अगदी कोपऱ्यात, पन्हळीच्या तोंडाशी, चौरस मीटरभर मूळ देफ्फून सापडला. विटकरी गुलाबी, गुळगुळीत, नख बसत नाही. त्यावर पाण्याचा थेंब टाकला. पाच मिनिटं तसाच मोत्यासारखा बसून होता.

१० फेब्रुवारी, शुक्रवार

आज सेंट पॉलच्या जहाजफुटीचा सण, बेटावर सुट्टी. कालपासून हेलिओस वादळ. फेब्रुवारीत इतका पाऊस इथे कुणाला आठवत नाही. वर्षभरात साधारण साडेपाचशे मिलिमीटर पडणाऱ्या बेटावर कित्येक ठिकाणी दीड दिवसात शंभराच्या वर पडला.

पहाटे तीनला ताडपत्री फाटली. मी आणि ते दोघे तरुण साडेतीनला पोचलो. उत्तरेच्या गच्चीचं पाणी चौथ्या खोलीच्या भिंतीवरून उतरत होतं. सरसाचे रंग पाण्यात विरघळतात. होडीच्या डावीकडचा निळा पट्टा माझ्या डोळ्यांदेखत खाली ओघळला.

पुसायचं नाही, पंखा लावायचा नाही, हात लावायचा नाही, एवढंच त्या क्षणी आठवत होतं. वरून दुसरी ताडपत्री टाकली, वाळूच्या पोत्यांनी दाबली, खोलीची दारं बंद केली आणि भिंतीला तिच्या गतीने वाळू दिलं.

ही चूक माझी. पावसाळा संपण्याआधी गच्ची उघडली. तुळयांची काळजी होती, म्हणून घाई केली. एप्रिलपर्यंत थांबायला हवं होतं. तळहाताएवढा भाग कायमचा गेला. होडी वाचली.

मआल्लेम दुपारी सणाच्या कपड्यांत आले. काही बोलले नाहीत. माझ्यासाठी कागदात बांधून खजुराच्या सारणाच्या तळलेल्या वड्या आणल्या होत्या.

१३ मार्च

तुळया. कुजलेली टोकं कापून जुन्याच जातीचं वाळलेलं लाकूड तिरप्या सांध्याने जोडलं, सांध्यात स्टेनलेस स्टीलचे बोल्ट. जुनं लाकूड ८० टक्के राहिलं. शोरोक एकूण एकतीस बदलल्या.

२ एप्रिल

आज टाक्यात उतरले.

नाइट्सच्या काळात वालेत्ता वसवताना प्रत्येक घराला पाण्याचं टाकं हवंच, असा नियम होता. बेटावर नदी नाही, बारमाही ओढा नाही. गच्चीवर पडेल ते पाणी. इथे टाक्याला बीर म्हणतात. आमचं चौकाच्या खाली आहे, खडकात घंटेच्या आकाराचं कोरलेलं. तोंड जेमतेम माणूस जाईल एवढं, खाली रुंदावत जाणारं. शिवनेरीवरची टाकी पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

दोरीला बांधून सोडलं मला. खोली ६.२ मीटर, तळाचा व्यास ४.८. तळाशी गुडघाभर गाळ, त्यात बाटल्या, एक बाहुली, सायकलची साखळी. पण भिंती! आतून संपूर्ण देफ्फूनचा गिलावा, आणि दोन जागा सोडल्या तर एकही भेग नाही. बॅटरीच्या उजेडात तो गुलाबी रंग ओल्या मातीसारखा दिसत होता. गिलाव्यात कुणाच्या तरी बोटांचे चार ठसे उमटलेत, खांद्याच्या उंचीवर. माझी बोटं त्यात ठेवून पाहिली. माझ्याहून लहान हात. पोरगा असेल, किंवा बाई.

वर आल्यावर हिशोब मांडला. गच्ची ३८० चौरस मीटर, पाऊस ५५० मिलिमीटर. वर्षाला दोन लाख लिटरच्या वर पाणी या घरावर पडतं, आणि गेली कित्येक वर्षं ते पाइपाने रस्त्यावर सोडून दिलंय. इकडे बेटावर समुद्राचं पाणी वीज जाळून गोडं करतात.

गच्चीचा उतार, पन्हळी, भिंतीतली मातीची नळी, गाळ बसायची कुंडी, टाकं, तिथून बागेतली दगडी हौदी, हौदीतून पाटाने झाडांच्या आळ्यांत. हे सगळं एकच यंत्र आहे. आपण खोल्या दुरुस्त करतोय असं मला ऑक्टोबरपासून वाटत होतं. यंत्र दुरुस्त करायला हवं होतं.

६ एप्रिल

मालकीणबाईंसोबत बैठक, तीन तास. हौदी फोडून तिथे पोहण्याचा तलाव, असं मूळ नकाशात आहे. पाहुण्यांना तलाव लागतोच, हे मलाही मान्य. मी म्हटलं, सत्तरच्या दशकातलं गॅरेज पाडू, तलाव तिथे करू. हौदीला हात नको. त्यांनी विचारलं, पाच संत्र्याची झाडं कमी होतील त्याचं काय? खरंय. दोन वाळलेलीच आहेत, तीन हलवावी लागतील.

त्या गप्प बसल्या, मग म्हणाल्या, लहानपणी आजोबा या हौदीवर बसून संत्री सोलून द्यायचे. हौदी राहिली.

बैठकीहून परतताना लियाचा बेल्व्हेदेरे मनोरा लागतो. रुंद रस्त्यावर एकटाच उभा. तो एका व्हिलाच्या बागेतला मनोरा होता. व्हिला गेला, बाग गेली, रस्ता झाला. रोज पाहते, रोज पोटात कालवतं.

२२ एप्रिल

देफ्फूनचा पहिला नमुना : दोन मीटर बाय दोन मीटर. फुटक्या विटा-कौलांचा चुरा तीन चाळण्यांतून, तीन महिने विरवलेला चुना, प्रमाण एकास अडीच. दोन दिवस लाकडी थाप्यांनी ठोकला.

२७ एप्रिल

भेगा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या. तीन दिवस वायव्येचा माय्यिस्त्राल वारा सुटला होता, कोरडा. ओलं गोणपाट टाकलं होतं, ते उडून गेलं. पण फक्त वारा नाही. भेग कापून पाहिली तर खालच्या अर्ध्या इंचात माल पोकळ आहे. मआल्लेमांनीही लहानपणी देफ्फून ठोकताना पाहिलाय, स्वतः ठोकलेला नाही. त्यांच्या उमेदीच्या काळात काँक्रीट आलं होतं. त्यांना हे सांगताना वाईट वाटत होतं, मला ऐकताना.

२८ एप्रिल

वाईला फोन. आजी शहाऐंशीची. तरुणपणी बिगारी म्हणून गवंडीकामावर जायची, कोबा ठोकणाऱ्या बायकांच्या रांगेत. घरात याचा कुणी फारसा उल्लेख करत नाही, मीही कधी नीट विचारलं नव्हतं. व्हिडिओवर भेगा दाखवल्या.

"किती दिस ठोकलं?"

"दोन दिवस, आजी."

"दोन दिसांत काय हुतंय? आमी सात-आठ दिस ठोकायचो. थापी उडाया लागली की थांबायचं. त्याआधी नाय."

"उडायला म्हणजे?"

तिने पाटावर लाटणं आपटून दाखवलं. ओल्या मालात थापी रुतते, तिचा आवाज बद्द येतो. घट्ट झाला की थापी हातात उसळी घेते आणि आवाज टणक होतो. पुढे म्हणाली, पहिल्या दिवशी जोरात मारायचं नाही, पाणी वर येतं आणि खाली पोकळ राहतं. आधी हलक्या हाताने, मग रोज थोडा जोर वाढवत. रोज सकाळी हिरड्याचं आणि गुळाचं पाणी शिंपडायचं. रात्री ओलं फडकं, त्याच्या कडांवर दगड.

कागदावर लिहून घेतलं सगळं. फोन ठेवताना तिने विचारलं, "तिकडं बायका हायत का ठोकायला?"

५ जून

उन्हाळ्यात गच्चीवर चुना चढवायचा नाही, असं ठरलं. तोवर आतली कामं.

खालच्या मजल्यावरच्या नक्षीच्या सिमेंट फरश्या उचलल्या, प्रत्येकीच्या पाठीवर क्रमांक. या फरश्या साच्यात रंग ओतून दाबयंत्राखाली करतात, भट्टीत भाजत नाहीत. वरचा तीन-चार मिलिमीटर थर रंगीत. एकूण १,१४० पैकी ६२ फुटक्या. बेटावरच्या एका कारखान्यात पितळी साचा बनवून घेतोय.

वातानुकूलनाच्या नळ्या जुन्या धुराड्यातून आणि जेवण वर पोचवायच्या, आता बंद पडलेल्या छोट्या पाळण्याच्या खोबणीतून वर नेल्या. भिंतीला एकही खाच मारली नाही. यंत्रं गच्चीवर दिसणार नाहीत, मागच्या खेचरांच्या गोठ्यात बसतील.

२४ जुलै

तापमान ४२ च्या वर. आठवडाभर वीज येते-जाते, अर्धं बेट अंधारात. चुन्याच्या पिंपांवर पाण्याचा थर राहील याची दिवसातून तीनदा खात्री करतोय. काम सकाळी पाच ते दहा.

जाड दगडी भिंतींच्या खालच्या दालनात पंख्याशिवाय २८ अंश. मजूर दुपारी तिथेच झोपतात.

६ ऑगस्ट, रविवार

लियाचा उत्सव. इथली आतषबाजी बेटावर नावाजलेली. मआल्लेमांचं अख्खं घराणं गच्चीवर जमलं होतं, नातवंडांसह. त्यांच्या पत्नीने मला विचारलं, भारतात असं करता का? दिवाळी सांगितली. त्यांना १८७८ साली ब्रिटिशांनी माल्टात आणलेल्या हिंदुस्थानी पलटणींबद्दल ऐकून माहीत होतं. त्यात मुंबई इलाख्याचे सॅपर्सही, म्हणजे लष्करातले बांधकाम करणारे सैनिकही, होते हे मी सांगितलं. त्यातला कुणी साताऱ्याकडचा असेल का, हा विचार झोप येईपर्यंत गेला नाही.

४ सप्टेंबर

देफ्फून, दुसरा प्रयत्न. पूर्ण उत्तर गच्ची. डोक्यावर पांढऱ्या कापडाचा मांडव, वाऱ्याच्या बाजूला पडदा. एकास अडीच तेच. हिरडा पुण्याहून मागवलाय. गूळ वालेत्तातल्या एका सिंधी व्यापाऱ्याने मिळवून दिला. त्यांचं घराणं इथे तीन पिढ्यांपासून आहे.

ठोकायला अकरा जण : ते दोघे बिहारचे तरुण, माल्टी मजूर, मआल्लेमांच्या दोन सुना, मालकीणबाईंची मुलगी आणि मी. पहिला दिवस हलक्या हाताने. एका ओळीत बसून, मागे सरकत सरकत.

७ सप्टेंबर

आवाज अजून बद्द. खांदे भरून आलेत.

१२ सप्टेंबर

नववा दिवस. सकाळी साडेसहाला पश्चिमेच्या कोपऱ्यात माझ्या हातातली थापी उसळली. चुकून झालं असेल म्हणून पुन्हा मारली. टण्. मआल्लेमांना हाक मारली. त्यांनी स्वतःची थापी आणली, एकदा मारली, दोनदा मारली, आणि डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

आजीला आवाज ऐकवला. ती म्हणाली, "हां. आता घोटा."

दगडाच्या गोट्यांनी घोटायला चार दिवस लागले.

१८ ऑक्टोबर

दक्षिणेची गच्ची पूर्ण. भेग एकही नाही. पाऊसही नाही; महिना कोरडा चाललाय. टाक्यातला गाळ काढला, दोन भेगांना त्याच मालाचा लेप दिला. बोटांचे ठसे झाकले जाणार नाहीत याची काळजी घेतली.

चौथ्या खोलीत चित्राचं काम आटोपलं. गेलेला पट्टा रंगवून पूर्ण केला नाही, तिथे फक्त साधा करडा हात दिला. पाहुण्यांना तिथे डाग दिसेल. दिसू दे.

२३ नोव्हेंबर

रात्री पावणेदोनला पाऊस सुरू झाला. चालतच व्हिलावर गेले. मआल्लेमांची गाडी आधीच दारात उभी होती.

पहिल्या सरीचं पाणी गच्चीवरची धूळ घेऊन येतं, ते झडप फिरवून बागेत सोडलं. तासाभराने झडप टाक्याकडे वळवली. चौकात टाक्याच्या तोंडाशी दोघंही ओणवे झालो. आधी नळीत घरघर, मग खाली अंधारात पाण्याचा आवाज. घंटेच्या आकारामुळे तो घुमतो, वर येईपर्यंत मोठा होतो. मआल्लेम त्यांच्या भाषेत काहीतरी पुटपुटले. मी अर्थ विचारला नाही.

सकाळी सातला मोजणी. पाऊस ३२ मिलिमीटर. टाक्यात पाणी ४६ सेंटिमीटर, म्हणजे आठ हजार तीनशे लिटर. चौथी खोली कोरडी. उत्तरेच्या दालनात तुळयांच्या चारही टोकांची ओल मोजली, चारही ठिकाणी आकडा मर्यादेत. पूर्वेच्या भिंतीवर नव्या दरजांभोवती ओलसर रेघा आहेत, चिरे वाळलेले. तसंच व्हायला हवं होतं.

हौदीत पाणी सोडून पाट तपासला. संत्र्याच्या अठ्ठावीस आळ्यांत पोचलं, शेवटच्या चारांत नाही. पाटाचा उतार तिथे दोन बोटं उलटा आहे. हलवलेल्या तिघांपैकी दोन झाडांना पालवी, तिसऱ्याची पानं गळताहेत.

उद्या : पाटाचा उतार. दक्षिणेची पन्हळ पानांनी तुंबलीय, ती साफ करणे. आजीला लिटर कळवणे.